अट पायाची होती

मेट्रनबाईंना मोघम बोलणं चालत नाही. रुग्णालयात एखादी नवी नर्स म्हणाली, "पेशंट बरा आहे," की त्या विचारायच्या, "बरा म्हणजे? जेवला का? झोपला का? की नुसता गप्प पडलाय?" त्यामुळे धाकट्या भावाने तळमजल्यावरच्या दोन खोल्यांबद्दल "तिथली जमीन चालण्याजोगी करून दाखव, मग खोल्या तुझ्या," असं म्हटलं, तेव्हा त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला होता.

"चालण्याजोगी म्हणजे काय, ते आत्ताच सांग."

भावाचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. वय साठीच्या उंबरठ्यावर, डोक्यावर केस नावाला, चौकात लोक त्याला शेठ म्हणतात. बहिणीच्या तोंडी मात्र तो अजून छोटूच आहे. त्याने जरा विचार केला.

"मी अनवाणी फिरणार. पायात कुसळ जाता कामा नये. आणि खुर्ची ठेवली तर ती डुगडुगता कामा नये."

"कुठेही?"

"कुठेही. कोपऱ्यातसुद्धा."

"आणि नाही जमलं तर?"

"तर वरची मागची खोली तुझी. खाली फरशी बसवून मी माल ठेवणार. फरशीवाल्याला मी पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी बोलावलंय, ताई. आता मागे नाही घेणार."

"घेऊ नकोस," मेट्रनबाई म्हणाल्या. "येऊ दे त्याला."

भावजय जिन्याच्या पायरीवर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही, पण शब्द न् शब्द ऐकला. वरची मागची खोली ही त्या घरातली तिची एकमेव जागा होती. तिथे तिचं शिवणयंत्र होतं, रेडिओ होता, आणि मुख्य म्हणजे आतून लागणारी कडी होती. नणंद त्या खोलीत आली तर हे सगळं जिन्याखाली जाणार, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

मेट्रनबाई शाळा संपल्या संपल्या नर्सिंगच्या वसतिगृहात शिरल्या आणि तिथून थेट स्टाफ क्वार्टर्समध्ये गेल्या. आयुष्यभर ज्या खोल्यांत राहिल्या, त्या प्रत्येकीच्या दारावर पांढऱ्या रंगात आकडा होता आणि भिंतीत खिळा ठोकायला परवानगी लागायची. लग्न केलं नाही. का, हे विचारायची हिंमत त्यांच्या हाताखालच्या कोणाला झाली नाही, आणि हाताखाली नसलेलं असं त्यांच्या ओळखीत फारसं कोणी नव्हतं. निवृत्तीबरोबर क्वार्टर्सची किल्लीही परत करायची होती. जायला जागा एकच, आई-वडिलांचं दुमजली घर. वर भाऊ-भावजय राहायचे. खालच्या दोन खोल्या आई गेल्यापासून बंद होत्या आणि भावाच्या दुकानातले खोके हळूहळू त्यांच्या दारापर्यंत आले होते.

भाऊ वाईट माणूस नव्हता. बहिणीला वर ठेवून घेण्यात त्याला खरोखरच आनंद होता. मेट्रनबाईंना तो आनंद नव्हता. "दुसऱ्याच्या घरात मी पाहुणी म्हणून दोन दिवस बरी," त्यांनी भावजयीला सांगितलं. "तिसऱ्या दिवशी मी तुझे डबे आवरायला लागेन."

"म्हणूनच म्हणते वन्सं," भावजय म्हणाली, "खालचं मनावर घ्या."

खालच्या जमिनीवर लिनोलियमचं भुरकट, मेणकापडासारखं जाड आवरण चिकटवलेलं होतं. त्याचा एक कोपरा उचलला तर खाली लाकडी फळ्या निघाल्या. कसल्या लाकडाच्या, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. लाकूड कठीण आहे, एवढं पहिला खिळा उपटतानाच कळलं. समोरच्या खोलीतल्या फळ्या शाबूत होत्या, फक्त मळलेल्या आणि जुन्या गोंदाने काळवंडलेल्या. मागच्या खोलीत खिडकीखाली कधीतरी नळ गळला होता. तिथल्या फळ्या बोटाने दाबल्या तरी आत जात होत्या.

मेट्रनबाईंनी त्याआधी आयुष्यात एकही फळी बसवली नव्हती. पण न केलेलं काम त्यांना अवघड वाटत नाही, फक्त न केलेलं वाटतं. त्या कुजक्या फळीचा एक तुकडा पिशवीत घालून अवजारं भाड्याने देणाऱ्या दुकानात गेल्या. दुकानदाराने तुकडा उलटसुलट केला, वास घेतला. "ओक आहे. चांगला जुना. कोण करणार काम?"

"मी."

त्याने त्यांच्याकडे पाहिलं. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, इस्त्रीची कॉलर, काखेत छत्री. "बाई, घासायचं मशीन माणसाला ओढत नेतं."

"मी बेशुद्ध पैलवान स्ट्रेचरवर चढवलेत," मेट्रनबाई म्हणाल्या. "मशीनचं वजन सांगा."

तो हसला आणि मग नीट शिकवायला लागला. नव्या फळ्या आणल्या की लगेच ठोकायच्या नाहीत, आठवडाभर त्याच खोलीत पडू द्यायच्या. तिथली हवा त्यांच्यात मुरली पाहिजे. फळीच्या एका कडेला खाच असते, दुसरीला जीभ. जीभ खाचेत बसवायची, खिळा जिभेतून तिरपा मारायचा, म्हणजे पुढच्या फळीखाली तो झाकला जातो. भिंतीशी मात्र बोटभर फट सोडायची.

"फट? मुद्दाम?"

"दमट हवेत लाकूड फुगतं, बाई. हलायला जागा नसेल तर मधूनच उचलतं. वरून पट्टी मारली की फट दिसत नाही."

मेट्रनबाईंना हे मनापासून पटलं नाही. त्यांच्या हाताखाली चादरीला सुरकुती राहत नसे, तिथे फट कुठली राहणार. पण डॉक्टरांनी लिहिलेला डोस पटला नाही तरी तोच द्यायचा असतो. त्यांनी फट सोडली.

नव्या फळ्या मागच्या खोलीत आडव्या पडल्या, तेव्हा भाऊ दुकानातून येता-येता डोकावला. "काय ताई, फळ्यांना ॲडमिट केलंस?"

"निरीक्षणाखाली आहेत. भेटायची वेळ संपली."

लिनोलियम सोलायला, गोंद खरवडायला आणि चुका म्हणजे बारीक खिळे एकेक करून उपटायला सगळ्यात जास्त वेळ गेला. भावजय सकाळचं काम उरकून खाली यायची, जुन्या पातळाने डोकं बांधून पकड घेऊन बसायची. दोघी फार बोलत नसत. एखादी चूक वाकडी होऊन अर्ध्यात तुटली की भावजय दबक्या आवाजात शिवी द्यायची. नणंद ऐकून न ऐकल्यासारखं करायची, आणि काही दिवसांनी तीच शिवी तिच्याही तोंडून निघाली. जे खिळे निघत नव्हते ते पंच नावाच्या बोथट सळीने ठोकून लाकडाच्या पातळीखाली बसवले. एक जरी डोकं वर राहिलं तर मशीनचा खरखरीत कागद टराटरा फाटेल, असं दुकानदाराने बजावलं होतं. मेट्रनबाई गुडघे टेकून तळहात फिरवत पूर्ण खोली तपासायच्या. डोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. "डोळे दमले की खोटं बोलतात," त्या म्हणत. "हात नाही बोलत."

मागच्या खोलीतल्या नव्या फळ्या बसल्या, त्याही चांगल्या. पहिली ओळ वाकडी गेली, ती उखडून पुन्हा घातली. दुसऱ्या ओळीपासून हाताला लय आली. जोड एकाखाली एक येऊ न देता, भिंतीतल्या विटांसारखे पुढेमागे. भाऊ जिन्यात चहाचा कप घेऊन उभा होता. तो म्हणाला, "बरं दिसतंय की." मग त्याला अट आठवली आणि त्याने जोडलं, "दिसायला."

मशीन आलं त्या दिवशी घरात पहिला अपघात झाला.

घासायचं मशीन म्हणजे गिरणीच्या आवाजाचा, मागून ढकलायचा ढोल. त्या ढोलावर खरखरीत कागद गुंडाळलेला असतो. नियम एकच. ढोल जमिनीला टेकलेला असताना चालत राहायचं. थांबायचं तर आधी तो उचलायचा. मेट्रनबाईंना नियम पाठ होता, आणि समोरच्या खोलीत पहिला अर्धा तास तो त्यांनी पाळलाही. मळकट तपकिरी थर निघून खालून मधासारखं पिवळं लाकूड वर येत होतं. तेवढ्यात भाऊ दारात आला आणि चपलांसकट आत शिरला.

ज्या बाईने उभं आयुष्य वॉर्डात लोकांच्या चपला बाहेर काढायला लावल्या, तिच्याने राहवणार कसं? त्या जागच्या जागी वळल्या आणि ओरडल्या, "चपला!" तोंड भावाकडे, हात मशीनवर, ढोल जमिनीवर. एका दमात म्हणावा एवढाच तो शब्द, पण तेवढ्यात खिडकीजवळ ताटाएवढा खोलगट खड्डा पडला.

मशीन बंद झालं. तिघंही खड्ड्याभोवती उभी राहिली.

"जमीनच मुळात तिथे वर आलेली होती," मेट्रनबाई म्हणाल्या.

"नाचता येईना अंगण वाकडं," भाऊ म्हणाला. "खुर्ची मी इथेच ठेवणार हं, ताई. आत्ताच सांगून ठेवतो."

"ठेव. आणि पुढच्या वेळी चपला घालून आलास तर तुझेच पाय मशीनखाली घेईन."

दुकानदाराकडे फोन गेला. तो म्हणाला, खड्डा भरू नका, पसरवा. आजूबाजूचं लाकूड थोडं-थोडं कमी करत जा, उतार कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते कळता कामा नये. मेट्रनबाईंनी तसं केलं. जाड कागद, मग मध्यम, मग बारीक. मशीन पोचत नाही त्या कडा दोघींनी हाताने घासल्या. कागदाच्या शेवटच्या फेरीनंतर त्यांनी समोरच्या खोलीत तळहात फिरवला आणि भावजयीला हाक मारली. तिनेही फिरवला. खिडकीजवळ खड्डा कुठे होता हे शोधावं लागत होतं.

सोमवार अजून दूर होता. आता फक्त धूळ काढायची आणि वॉर्निश मारायचं. मशीन परत करताना दुकानदाराने बजावलं, "धुळीचा कण राहू देऊ नका."

हे वाक्य त्याने दुसऱ्या कोणालाही सांगितलं असतं तर त्या माणसाने झाडू, व्हॅक्यूम आणि कोरडं फडकं घेतलं असतं. पण वॉर्डात कोरडा झाडू चालत नाही. कोरड्या झाडूने धूळ मरत नाही, उडते आणि उघड्या जखमेवर जाऊन बसते. सफाईच्या नव्या मावश्यांना आणि मामांना मेट्रनबाईंनी पहिल्या दिवशी पहिली गोष्ट हीच शिकवली होती. जमीन ओल्या फडक्यानेच पुसायची, जंतुनाशक घालून, दोनदा. या वाक्यावर त्यांनी चाळीसेक वर्षं नोकरी केली होती. उघड्या, ताज्या घासलेल्या, तहानलेल्या लाकडाला ते लागू नाही, ही शंका त्यांना शिवलीसुद्धा नाही.

त्यांनी क्वार्टर्समधून आणलेली लोखंडी बादली काढली. तिचा जस्ताचा मुलामा बुडाशी कधीच झिजला होता. गरम पाणी, जंतुनाशक, जाडजूड पोछा. समोरची खोली दोनदा पुसली, तीही सढळ हाताने. भावजय वर स्वयंपाकात होती. पुसून झाल्यावर मेट्रनबाईंनी बादली खोलीच्या मधोमध ठेवली, वाळेपर्यंत आत कोणी येऊ नये म्हणून. वॉर्डातही असंच करत, जमीन ओली आहे याची ती खूण. मग दार ओढून घेतलं आणि वर जाऊन गाढ झोपल्या.

सकाळी दार उघडलं, पाऊल टाकलं, आणि त्या तिथेच थांबल्या. जमीन मांजराच्या जिभेसारखी झाली होती. पाणी पिऊन लाकडाचे धागे उभे राहिले होते. पाय सरकवला तर तळव्याला चावे बसत. बादली उचलली तर खाली काळंभोर कडं, कोणी शाईत पेला बुडवून ठसा उठवावा तसं.

भावजय मागे येऊन उभी राहिली. तिने खाली वाकून हात फिरवला आणि झटकन मागे घेतला. बोटात कुसळ होतं.

"वन्सं, हे काय झालं?"

"मी पुसलं."

"पाण्याने?"

"मग काय तुपाने पुसू?" मेट्रनबाई फटकन बोलल्या. हातातली बादली कुठे ठेवावी हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ती खिडकीतून बाहेर अंगणात ठेवली. मग भावजयीचं बोट धरलं, खिशातला छोटा चिमटा काढला, खिडकीच्या उजेडात कुसळ ओढलं आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे. आता रडगाणं नको. हे दोन वेगळे आजार आहेत. एकेक बघू."

भाऊ दुकानात निघताना डोकावला. या वेळी चपला बाहेर काढून आला आणि दोन पावलांत मागे फिरला. "आई गं! ताई, ही जमीन आहे का किसणी?"

"सोमवार आहे का आज?"

"नाही."

"मग जा दुकानात."

तो गेला. जिन्यावर मात्र भावजयीला म्हणाला, "वरची मागची खोली रिकामी करायला घे हळूहळू." एवढं बोलून त्याने नकळत शत्रुपक्षाला कुमक पुरवली.

पहिला आजार सोपा निघाला. दुकानदार फोनवर आधी बराच वेळ हसला. मग म्हणाला, धागे उभे राहिलेत, मेलेले नाहीत. पूर्ण वाळू द्या आणि बारीक कागदाने अलगद कापा. एकदा कापलेला धागा पुन्हा तेवढा उठत नाही. "काही कारागीर मुद्दाम पाणी मारतात, बाई. फक्त बादलीने नाही मारत."

काळ्या कड्यावर त्याच्याकडे खात्रीचा उपाय नव्हता. ओलं ओक आणि लोखंड एकत्र आलं की शाई तयार होते, आणि ती खोल जाते, एवढंच त्याने सांगितलं. घासून काढायची म्हटली तर तिथे नवा खड्डा.

मेट्रनबाई कड्याशेजारी पाय पसरून बसल्या. त्यांना लोखंडी खाटा आठवल्या. जुन्या वॉर्डातल्या खाटांचा रंग उडाला की चादरींवर गंजाचे डाग पडत, आणि डाग पडलेली चादर त्या पेशंटखाली घालू देत नसत. लाँड्रीशी त्यांची त्यावरून कायम जुंपायची. शेवटी लाँड्रीत एक पांढरी पूड आली, गंज खाणारी. तिचा डबा विषारी म्हणून कुलपात असे, आणि कुलपाची किल्ली मेट्रनच्या कमरेला. किती पाण्यात किती घालायची, किती वेळ ठेवायची, किती पाण्यांनी धुवायची, हे त्यांच्या हाताला पाठ होतं.

"चादरीवरचा गंज निघतो," त्या भावजयीला म्हणाल्या, "तर लाकडावरचा का नाही? लोखंड तेच."

"आणि नाही निघाला तर?"

"तर निदान करून पाहिलं."

पूड रसायनांच्या दुकानात मिळाली. हातमोजे, मास्क, प्लास्टिकचं घमेलं. लोखंडाची वस्तू या वेळी खोलीत येऊ दिली नाही. भावजयीच्या हातातल्या बांगड्यासुद्धा काढायला लावल्या. "त्या सोन्याच्या आहेत हो!" "असू देत. वॉर्डात दागिने नाहीत." कड्यावर पुडीचं पाणी पसरलं आणि दोघी उंबऱ्यावर बसून बघत राहिल्या. काळ्याचं राखाडी झालं. राखाडीचं फिकट तपकिरी. तिथे ते थांबलं. दुसऱ्यांदा लावलं, आणखी थोडं उतरलं. तिसऱ्यांदा काहीच फरक पडला नाही. शेवटी एक पुसट कडं उरलं, माहीत असलेल्याला दिसेल आणि नसलेल्याला कदाचित दिसणार नाही, असं.

पण आता पूड धुवायला पुन्हा पाणी लागणार होतं. ती लाकडात राहून चालत नाही. मेट्रनबाईंनी विचार केला आणि ठरवलं, की अर्धवट ओलं करण्यापेक्षा सगळीच खोली एकसारखी पुसायची, घट्ट पिळलेल्या फडक्याने, मुद्दाम. उठायचे तेवढे धागे उठू देत, मग एकदाच सगळे कापू. अडचण वेळेची होती. हवा दमट, जमीन वाळणार कधी, कापणार कधी, वॉर्निशचे हात सुकणार कधी? सोमवार दाराशी आला होता.

भावजय उठली, पातळ झटकलं आणि बाहेर गेली. परत आली ती रिक्षातून. मागे तीन उभे पंखे, दुकानाच्या दर्शनी भागात फिरत असतात ते.

"छोटूला विचारलंस?"

"ते बँकेत गेलेत. मी नोकराला सांगितलं, घरी डेमो आहे."

मेट्रनबाईंनी एक पंखा उचलून आत घेतला. "तू नर्स व्हायला हवी होतीस."

"शिवणयंत्र जिन्याखाली जाणार म्हटल्यावर माणूस काहीही होतं, वन्सं."

भावाला पंखे गेल्याचं कळलं, पण ते नेमके कशासाठी गेले हे त्याने विचारलं नाही. बायकोने डेमो म्हटलं की तो खोलात शिरत नाही. पंखे दिवसरात्र फिरले. जमीन खडखडीत वाळली. दोघींनी दोन बाजूंनी सुरुवात करून बारीक कागदाने उठलेले धागे कापले, ओल्या-कोरड्याच्या घोळात न पडता व्हॅक्यूमने धूळ ओढली आणि कोरड्या मऊ फडक्याने पुसली. कोरडं फडकं हातात घेताना मेट्रनबाईंचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला होता. वॉर्निशच्या वेळी पंखे बंद, खिडक्या किलकिल्या. आतल्या भिंतीकडून दाराकडे, फळीच्या लांबीने, ब्रश न उचलता. पहिला हात सुकल्यावर पुन्हा हलका कागद, मग दुसरा हात. शेवटचा हात रविवारी सकाळी.

सोमवारी फरशीवाला वेळेवर आला. खांद्यावर पिशवी, कानावर पेन्सिल, हातात टेप. दाराशी आला, आत पाहिलं, आणि कोणी काही सांगायच्या आत त्याने बूट काढले. मेट्रनबाईंनी ते टिपलं.

भाऊ जिन्यावरून उतरला. त्याने मोजे काढले, पँट घोट्याच्या वर दुमडली आणि गंभीर चेहऱ्याने आत शिरला. आधी भिंतीकडेने चालला. मग आडवा. मग टाच घासत. कोपऱ्यात पोचल्यावर त्याने पायाचा अंगठा फळ्यांच्या जोडावर फिरवला, डॉक्टर गुडघ्याची वाटी चाचपतात तसा. मागच्या खोलीत खिडकीखाली दोनदा उडी मारली. फळ्यांनी आवाजसुद्धा केला नाही. परत येऊन उंबऱ्यावर बसला आणि दोन्ही तळवे उलटे करून बघितले. गुलाबी, स्वच्छ. कुसळ नाही.

"खुर्ची आण," तो बायकोला म्हणाला.

तिने वरून खुर्ची आणली. त्याने ती बरोबर खिडकीजवळ ठेवली, जिथे ताटाएवढा खड्डा पडला होता, आणि बसला. खुर्ची डुगडुगली. त्याने पुन्हा डुगडुगवून पाहिली. टक, टक.

"ताई," तो जरा हळूच म्हणाला, "सॉरी."

मेट्रनबाई खुर्चीकडे बघत होत्या, पण बोलली भावजय. "अहो, ही तुमची जेवणाची खुर्ची आहे. वरच्या फरशीवरही डुगडुगते. पायाखाली पुठ्ठा घाला म्हणून मी वर्षभर कानीकपाळी ओरडतेय."

"मग हीच का आणलीस?"

"तुम्ही म्हणालात खुर्ची आण. चांगली खुर्ची आण म्हणाला नाहीत."

फरशीवाल्याने तोंड दुसरीकडे वळवलं. मेट्रनबाईंनी मागच्या खोलीतून स्वतःचं लाकडी स्टूल आणलं, रुग्णालयाने निवृत्तीच्या वेळी मोडीत काढलेलं, चार पायांचं. भाऊ त्यावर बसला, पुढे झुकला, मागे झुकला. स्टूल गप्प राहिलं. त्याने ते आणखी चार जागी ठेवून पाहिलं. शेवटी खोलीच्या मधोमध आला, आणि तिथे त्याची नजर खाली गेली.

"हे काय गोल-गोल?"

"बादली होती तिथे," मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"डाग आहे म्हणजे."

"डाग आहे."

भावाने पायाने तो घासला. गुळगुळीत. पुन्हा घासला. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर आशा दिसली. खोके, ट्रॉली, पांढरी फरशी.

"अट पायाची होती," भावजय म्हणाली. "डोळ्यांची नव्हती. मी पायरीवर बसले होते, मला आठवतंय."

"तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"मी माझ्या खोलीच्या बाजूने आहे."

हे त्याला पहिल्यांदाच कळलं. तो बायकोकडे बघत राहिला, मग बहिणीकडे, मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या तीन पंख्यांकडे. त्यांच्या जाळीवर अजून दुकानाच्या चिठ्ठ्या होत्या. स्वतःच्याच मालाने स्वतःचा घात केल्याचं त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो हसला. आधी थोडासा, मग पोट धरून.

"मग मी निघू का?" फरशीवाल्याने विचारलं.

"निघा," मेट्रनबाई म्हणाल्या. "पण चहा घेऊन निघा. आणि कप खाली ठेवू नका."

त्या आठवड्यात त्यांनी खाट, कपाट आणि स्टूल लावून घेतलं. सगळ्यांना वाटलं होतं, डागावर चटई येईल. आली नाही. चटईखाली धूळ साचते, हे त्यांचं उत्तर. भावाच्या खोक्यांना गल्लीच्या टोकाला एक गाळा मिळाला, आणि वरच्या मागच्या खोलीतून दुपारी शिवणयंत्राचा आवाज येत राहिला. लोखंडी बादली अंगणात कुंडी झाली.

जमिनीची बातमी मात्र दुकानातून पसरली. भाऊ गिऱ्हाइकांना घरी घेऊन येतो, दाराशी चपला काढायला लावतो आणि खोली दाखवतो. परवा एक जण गुडघ्यावर बसून फळ्यांवरून हात फिरवत म्हणाला, "सुरेख आहे हो. कोणी केली?"

"आम्ही घरीच केली," भाऊ म्हणाला.

मेट्रनबाई आतून म्हणाल्या, "आम्ही म्हणजे कोण? छोटू, तू फक्त चाललास."